अण्णांचा हात

मापनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बारा महिने वीस अंश तापमान ठेवावं लागतं. त्यामुळे उपयोजित विद्यापीठातल्या निम्म्या प्राध्यापकांना मे महिन्यात अचानक मापनशास्त्राच्या शंका येऊ लागतात आणि ते खुर्ची ओढून प्रा. वैजयंती मगदूम यांच्यासमोर बसतात. त्या मंगळवारी मात्र सबमिशनचा शेवटचा दिवस होता, सगळे आपापल्या ढिगाऱ्यात गाडलेले होते. मगदूम मॅडमही जर्नलांवर सह्या करत होत्या. साडेबारा वाजता फोन वाजला.

"मगदूम मॅडम? मी देवव्रत सामंत, रत्नागिरीच्या किनारा केंद्रावरून. तुमचं झाकण गळतंय."

"माझं झाकण गळणार नाही," मॅडम म्हणाल्या.

हे त्यांचं पहिलं वाक्य होतं, ते लपवण्यात अर्थ नाही. माणसं कशी आहेत हे विचारण्याआधी त्यांनी आपला शिक्का सांभाळला. मास्तरकीत वीस वर्षं गेली की असं होतं.

"गळतंय," सामंत शांतपणे म्हणाले. त्यांचा शांतपणा ऐकून मॅडमच्या हातातलं पेन खाली आलं. "आणि खाली चार माणसं आहेत. साडेपाच तासांची हवा आहे."

किनाऱ्यापासून दूर, एकशे ऐंशी मीटर खोल पाण्यात, तळावर 'शिंपला' नावाचं संशोधनघर होतं. त्याच्या डोक्यावर एक मुक्तिकोश बसवलेला असे. संकट आलं की सगळ्यांनी त्यात चढायचं, आतून झाकण लावायचं आणि कोश सोडून द्यायचा. तो चाळीस मिनिटांत पाण्यावर येतो. त्या सकाळी शिंपल्यातल्या हवा शुद्ध करणाऱ्या यंत्राला आग लागली. ती विझवण्याच्या धांदलीत छताचा साखळदंड तुटून कोशाच्या झाकणावर आदळला आणि झाकणाला तडा गेला. सुटं झाकण तिथे होतं. दोन आठवड्यांपूर्वीच ते विद्यापीठातून गेलं होतं. ते बसवून दाबाची चाचणी घेतली, तर मिनिटाला बारा लिटर पाणी आत येत होतं.

"म्हणजे वर येईपर्यंत जवळजवळ पाचशे लिटर," सामंत म्हणाले. "कोश वर येणारच नाही. अर्ध्या वाटेवरून परत खाली जाईल. रबराचा पट्टा घालून पाहिला, दाबाने बाहेर फेकला गेला. तळापर्यंत उतरणारी बचावनौका यायला दोन दिवस लागतील."

"खाली फिटर कोण आहे?"

"तुमचीच विद्यार्थिनी. रुबीना मुल्लाणी."

मॅडमना रुबीना आठवायला वेळ लागला नाही. मापनशास्त्रात दोनदा नापास झालेली आणि कार्यशाळेत पहिली आलेली मुलगी. शिरोळच्या बाजूची. त्या भागातल्या मुलींसारखी 'मी येतो, मी जातो' म्हणणारी. दुसऱ्यांदा नापास केलं तेव्हा ती म्हणाली होती, "मॅडम, माप माझ्या डोक्यात बसत नाही, हातात बसतंय." मॅडमनी तिला त्यावर अर्धा तास सुनावलं होतं.

"गळती कुठे आहे?" त्यांनी विचारलं. "चहूबाजूंनी?"

"नाही, तेच चमत्कारिक आहे. डावीकडे आणि उजवीकडे. पुढे-मागे अगदी कोरडं."

"जुनं झाकण गळत होतं?"

"नऊ वर्षांत एक थेंब नाही."

मॅडम उठून उभ्या राहिल्या. वीस अंशांच्या खोलीत त्यांच्या कपाळावर घाम आला. समोरच काचेच्या कपाटात सपाटपणा तपासायची काळ्या ग्रॅनाइटची प्रमाण-पाटी होती, मायक्रॉनभरही खळगा नसलेली. त्या पाटीच्या मागे उभी असलेली नऊ वर्षं त्यांना एकदम दिसली.

"सामंतसाहेब, फोन ठेवू नका," त्या म्हणाल्या. "मी कार्यशाळेत जातेय. तुमच्या झाकणात चूक नाही. चूक दुसऱ्या सगळ्यात आहे."

*

मधलं पटांगण ओलांडताना प्रवेशद्वाराजवळचा चौथरा लागतो. त्यावर लोखंडाची एक जाडजूड पाटी उभी केलेली आहे. चकचकीत पॉलिश केलेली, आणि तिच्यावर अक्षरं कोरलेली: 'निदेशक अण्णाप्पा लोहार यांच्या हातास कृतज्ञतापूर्वक'. मॅडम तिच्याकडे न बघता पुढे गेल्या.

अण्णाप्पा लोहार कार्यशाळेच्या दाराशी स्टुलावर बसलेले होते. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी ते रोज दहाला येत. गेल्या दिवाळीत अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला, तरी येणं चुकलं नाही. उजवा हात मांडीवर ठेवायचा, डाव्या हाताने चहा प्यायचा आणि पोरांच्या चुका काढायच्या, हा दिनक्रम.

"अण्णा, रुबीना खाली अडकलीय," मॅडम म्हणाल्या आणि फोन बाकावर ठेवला.

अण्णांनी चहा खाली ठेवला. सगळं ऐकून घेतलं. डावी-उजवी गळती ऐकल्यावर त्यांनी आपल्या निकामी हाताकडे पाहिलं.

"जुनी पाटी," ते म्हणाले.

"हो," मॅडम म्हणाल्या.

"मला कुणी समजावून सांगेल का?" फोनमधून सामंतांचा आवाज आला. "माझ्याकडे वेळ थोडा आहे."

मॅडमनी बाक घट्ट धरला. "तुम्हाला हस्तस्मृती ठाऊक आहे. अण्णांच्या हाताच्या मज्जातंतूंतले संदेश आम्ही चौदा महिने टिपले आणि ते स्मृतिमोज्यातून विद्यार्थ्यांच्या हातात उतरवले. चार वर्षांचं फिटरकाम अकरा आठवड्यांत. यंत्राने घासून झाल्यावर शेवटचे काही मायक्रॉन हातानेच काढावे लागतात, आणि तेवढ्यासाठी आमची मुलं जगभर गेली. कारखान्यांनी प्रमाण-पाट्या विकून टाकल्या. हातातच पाटी आहे म्हटल्यावर वेगळी कशाला?"

"हे सगळं माहितीपत्रकात आहे, मॅडम."

"माहितीपत्रकात नाही ते सांगते. अण्णांचा हात ज्या पाटीवर घडला, ती लोखंडी पाटी झिजलेली होती. चाळीस वर्षं पोरांनी तिच्यावर एकाच दिशेने काम घासलं. मधोमध लांबट खळगा पडला होता, तीस मायक्रॉनचा. केसाच्या निम्म्या जाडीपेक्षाही कमी. डोळ्याला दिसत नाही, पण हाताला सवय होते. खळग्याच्या पाटीशी जुळवलेली वस्तू फुगीर होते. म्हणून मुक्तिकोशाची बैठक, ज्यावर झाकण टेकतं ती, फुगीर आहे. आणि झाकण अण्णा नेहमी बैठकीशी जुळवून करत, म्हणून ते पोकळ. कौलावर कौल बसतं तसं."

"पण मग ते घट्ट बसत होतं."

"घट्टच बसणार! दोन पृष्ठभाग एकमेकांवर बसले म्हणजे ते सपाट आहेत असं सिद्ध होत नाही, साहेब. एक फुगीर आणि दुसरा पोकळ असला तरी बसतात. खात्री करायची तर तिसरा पृष्ठभाग लागतो, आणि तो दोघांवरही बसावा लागतो. इथे तिसरा नव्हताच. सगळ्या बैठका अण्णांच्या हाताच्या, सगळी झाकणं अण्णांच्या हाताची. जगात कुठलंही झाकण कुठल्याही बैठकीवर बसत होतं. गळत नाही ना, मग मोजतंय कोण?"

"आणि नवं झाकण?"

"ते सपाट आहे. कौलांच्या छपरावर मी फरशी ठेवलीय."

मॅडमना आणखी एक गोष्ट सांगायची होती. ती सांगितली नसती तरी त्या दिवशी कुणाला कळली नसती. "ग्रॅनाइटची चांगली पाटी नऊ वर्षांपूर्वीच आली होती, ध्वनिमुद्रणासारखं हे हाताचं मुद्रण सुरू व्हायच्या आधी. मी ती कार्यशाळेत दिली नाही. डेड स्टॉकच्या नोंदवहीत ती माझ्या नावावर होती. टवका उडाला असता तर जबाब मला द्यावा लागला असता. तपासणी समिती आली की कपाट उघडायचं, गेली की बंद. प्लास्टिकसुद्धा काढलं नव्हतं."

"तीन येळा अर्ज दिल्ता मी," अण्णा म्हणाले. आवाजात राग नव्हता, म्हणून मॅडमना जास्त लागलं. "तिन्ही टायमाला तुम्ही 'समिती झाल्यावर देतो' म्हणाला. ऱ्हाऊ द्या आता. पोरीला फोन लावा."

*

रुबीनाचा आवाज बारीक तारेतून यावा तसा येत होता. खरोखरच बारीक तार होती ती. शिंपल्यापर्यंत गेलेल्या केबलमधून आवाजाखेरीज काही जात नसे.

"मॅडम, नमस्कार. झाकण तुमचं हाय म्हणं. मी फिरवून बघितलो, पण खिट्टी हाय, एकाच बाजूनं बसतंय."

"रुबीना, आधी मला एक सांग." मॅडमनी फोन जवळ ओढला. "शेवटची उजळणी कधी केलीस?"

हस्तस्मृती कायमची नसते. दोन महिन्यांत ती पुसट होत जाते, म्हणून जगभरातली मुलं दर सोमवारी मोजा घालून प्रत्येक हाताला दहा मिनिटं उजळणी करतात. पाच आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी त्या उजळणीतून मॅडमनी दुरुस्ती पाठवली होती. तपासणी समितीसाठी म्हणून अखेर ग्रॅनाइटवरचं प्लास्टिक काढलं, सहज एक बैठक तिच्यावर ठेवून पाहिली, आणि तीस मायक्रॉन सापडले. मग दिवसरात्र खपून त्यांनी स्मृती सुधारली. जगातले अकराशे हात एका सोमवारी सरळ झाले. मॅडमचा त्याबद्दल सत्कारही झाला होता.

खालून फक्त "ते... मॅडम..." एवढंच आलं.

"रुबीना, रागावणार नाही. खरं सांग."

"त्रेचाळीस दिवस झालं, मॅडम. हितं मोजा चालतच न्हाई. विद्यापीठाचा मेमो बी आलाय मला त्याच्याबद्दल."

मॅडमनी डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एका विद्यार्थिनीच्या गैरहजेरीचा आनंद झाला.

"म्हणजे तुझे हात जुने आहेत," त्या म्हणाल्या. "आता नीट ऐक. ते झाकण सपाट आहे. ते तुला चुकवायचंय. स्क्रेपर घे, आणि नेहमी झाकण करतेस तसं कर, जणू ते अजून झालेलंच नाही."

"बैठकीला निळा रंग लावून, झाकणाला कुठं लागतोय ते बघून जुळवून घेऊ?"

"नव्वद किलोचं झाकण आणि साखळदंड तुटलेला. दर वेळी उचलून बघायचं म्हटलं तर तीन दिवस लागतील. तुमच्याकडे पाच तास आहेत. न मोजता करायचंय, नुसत्या हाताने."

खाली हालचाल ऐकू आली. मग लोखंड खरवडत स्क्रेपर फिरल्याचा तो आवाज, खर्र, खर्र, थोडा थांबून पुन्हा. अण्णांनी मान कलती केली आणि ते डोळे मिटून ऐकू लागले. चौथ्या-पाचव्या आवाजाला त्यांची डाव्या हाताची बोटं मांडीवर हलू लागली.

आणि मग आवाज थांबला.

"मॅडम." रुबीनाचा आवाज बदलला होता. "हात म्हणतोय मधनं काढ. आणि डोळं म्हणत्यात, हितं काढण्यासारखं काय बी न्हाई, सरळ हाय. काढलं आणि चुकलं तर परत लावता येत न्हाई. चार जीव हाईत. एक मी हाय, पण बाकीची तीन माणसं माझ्याकडं बघत बसल्यात. मी काय करू?"

कार्यशाळेतली पोरं केव्हाची यंत्रं बंद करून भोवती उभी होती.

"डोळे मी शिकवलेत तुला," मॅडम म्हणाल्या. "दोनदा नापास करून शिकवलेत. हात अण्णांनी शिकवलेत. आज डोळे बंद कर आणि हाताचं ऐक."

"मॅडम, तुम्हीच म्हणाला होता, माप हातात नसतंय."

"मी चुकले होते, बाळा. कर सुरुवात."

पुन्हा खर्र, खर्र. अण्णा पुढे वाकून फोनला तोंड लावून बोलले, "रुबी, दमानं. कडंला जाताना दाब सोड. हां. तसं. माझ्या कानाला येतंय बरोबर."

पुढचे साडेतीन तास कुणाला नीट आठवत नाहीत. एकदा रुबीना म्हणाली की उजवं मनगट थरथरतंय. एकदा खालचं कुणीतरी खोकू लागलं आणि थांबेना. त्रेचाळीस दिवसांत स्मृती किती पुसट होते, याचा आलेख मगदूम मॅडमनीच काढलेला होता. तो त्यांना पाठ होता आणि तो विसरता आला असता तर त्यांनी काहीही दिलं असतं. अण्णा मात्र आवाजावरून सांगत राहिले, इथं जास्त झालं, इथं अजून एक हात. पाच वाजून दहा मिनिटांनी रुबीना म्हणाली, "हात थांबला, मॅडम. आता काढण्यासारखं न्हाई म्हणतोय."

चौघांनी मिळून झाकण उचललं, बसवलं. दाबाची चाचणी लागली.

"पुढे कोरडं," सामंत वाचू लागले. "मागे कोरडं. डावीकडे..." त्यांचा श्वास ऐकू आला. "कोरडं. उजवीकडे कोरडं. मॅडम, एक थेंब नाही!"

कार्यशाळेत जो आरडाओरडा झाला तो कुलगुरूंच्या दालनापर्यंत गेला. अण्णांनी मात्र डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला, उलटा केला आणि मांडीवर परत ठेवला.

*

कोश सुटला. ती चाळीस मिनिटं, आणि पुढे बोट चौघांना धक्क्यावर आणेपर्यंतचा वेळ, मॅडम कार्यशाळेतच बसून होत्या. भीती ओसरल्यावर डोकं चालू लागलं, आणि ते नको तिकडे चाललं.

"अशा बैठका किती असतील?" सामंतांनी मध्येच विचारलं होतं. मॅडम आता मनात मोजू लागल्या. नऊ हजारांच्या वर. समुद्राखाली, रुग्णालयांच्या दाबकक्षांत, अवकाशस्थानकावर. सगळ्या फुगीर, सगळ्या पक्क्या बसवलेल्या, निघू न शकणाऱ्या. आणि ज्या दिवशी त्यांतल्या कुठल्याही बैठकीचं झाकण तडकेल, त्या दिवशी जगातला प्रत्येक फिटर सुंदर, सपाट, गळकं झाकण बनवेल. घाईच्या वेळी तीन दिवस निळा रंग लावत कोण बसणार?

जुनी स्मृती परत उतरवली तर? पण ती नव्हती. मापनशास्त्राचा नियम आहे की चुकीचं मापक सापडलं की ते नष्ट करावं, नाहीतर कुणीतरी चुकून वापरतं. मॅडमनी नियम पाळला होता, एकही प्रत ठेवली नव्हती. जुनी पाटी पटांगणातल्या चौथऱ्यावर होती, तर तिचा अण्णांच्या सत्कारासाठी घासून-पुसून, पॉलिश करून सपाट आरसा केला होता. उरले होते अण्णांचे हात, आणि त्यांतला उजवा गेलेला होता.

आणि रुबीना. तिच्याकडून पुन्हा टिपून घेता आलं असतं, पण त्याला चौदा महिने लागतात आणि तिच्या हातातलं सगळं पंधरा-वीस दिवसांत पुसलं जाणार होतं. रोज काम करत राहिली, कुणी जुना हात शेजारी उभा राहून चुकत गेलं तर सांगत राहिला, तरच ते टिकणार. तरीही, तिचे हात शाबूत होते. मॅडमनी सुटकेचा श्वास टाकला.

फोन वाजला. सामंत हसत होते. "आली पोरं वर! चौघंही ठीक. डॉक्टर तपासतायत. आणि तुमचं विद्यापीठ शिस्तीचं हं, मॅडम. तुमचा माणूस मोजा घेऊन धक्क्यावर हजर. चाळीस दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर पाण्याबाहेर येताच उजळणी, असं परिपत्रक दाखवलं त्याने. तुमच्याच सहीचं."

"थांबवा!" मॅडम अशा ओरडल्या की बाकावरचा चहाचा पेला आडवा झाला. "मोजा काढा तिच्या हातातून! सामंत, पळा!"

पावलांचा आवाज आला, कुणाशी तरी झटापट, मग रुबीनाचं "अवो, काय झालं?" मग सामंत धापा टाकत परत आले.

"उजव्या हाताला चढवतच होते, काढायला लावला." ते थांबले. "डाव्याची झाली, मॅडम. दहा मिनिटं पुरी झाली होती."

स्क्रेपर दोन हातांनी चालतो. उजवा ढकलतो, डावा दाबतो. एक हात जुना आणि एक नवा घेऊन रुबीना आता झाकण ना सपाट करू शकत होती, ना पोकळ. आपण दुसऱ्यांदा तीच पाटी कुलपात घातली, असं मॅडमना वाटलं, आणि इतक्या पोरांसमोर त्या रडल्या.

*

रुबीना गुरुवारी सकाळी कार्यशाळेत आली. येताना कुणाशी हात मिळवायलाही घाबरत होती.

"मॅडम, मला आता कपाटात ठेवणार का तुम्ही?" ती म्हणाली. सूर चेष्टेचा होता, पण दोन्ही हात पाठीमागे होते.

अण्णा स्टुलावरून उठले. भिंतीचा आधार घेत बाकापाशी आले. पकडीत एक नवं झाकण लावलेलं होतं. त्यांनी डाव्या हाताने स्क्रेपरचं पातं वरून धरलं, जिथे दाब द्यायचा तिथे.

"ये हिकडं," ते म्हणाले. "मूठ तू धर. उजव्या हातानं. दुसरा खिशात घाल."

रुबीना त्यांच्या उजव्या बाजूला, त्यांच्या मेलेल्या हाताला खेटून उभी राहिली. तिने मूठ धरली.

"तू नुसतं ढकल. दाबायचं माझ्याकडं लागलं."

पहिल्यांदा पातं घसरलं. दुसऱ्यांदा ओरखडा उठला. अण्णांनी शिवी दिली, रुबीना हसली. विसाव्या-पंचविसाव्या खेपेला लोखंडावर तो आवाज उमटला, खर्र, आणि थोडा थांबून पुन्हा. मॅडमनी तो साडेतीन तास ऐकला होता. तो तोच होता.

दुपारपर्यंत झाकण झालं. कार्यशाळेतल्याच एका जुन्या बैठकीवर ठेवून दाब दिला. एक थेंब आला नाही.

"मॅडम," अण्णा घाम पुसत म्हणाले, "आम्ही दोघं मिळून एक माणूस झालो खरं. पण मी सत्तरीला आलोय. तिसरं कोण तरी पायजे."

मगदूम मॅडमनी घड्याळ काढून बाकावर ठेवलं. कपाटाची किल्ली पोरांकडे टाकली आणि ग्रॅनाइटची पाटी बाहेर आणायला सांगितली, रोजच्या वापराला, सपाट काम शिकणाऱ्यांसाठी. मग त्या पकडीपाशी गेल्या आणि आपले दोन्ही हात त्यांनी त्या दोघांच्या हातांवर ठेवले.

"घट्ट धरू नका," रुबीना म्हणाली. "आणि डोळं मिटा, मॅडम."